सकूमावशीचा दुसरा घास

सकूमावशीनं मांस सोडलं, यावर आमच्या दाभोसा गावात कुणाचाच विश्वास बसेना. लग्नात मटणाचं पातेलं चढलं की चुलीजवळची जागा तिची. ओढ्यातले खेकडे धरण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे आणि ते फोडून खाताना ती कुणाशी बोलतही नसे. असल्या बाईनं गावदेवीपुढे नवस बोलावा, की सुनेचं मूल हातात घेईपर्यंत मांसमच्छी तोंडात घालणार नाही, म्हणजे कमालच. माझ्यासकट सगळ्यांनी तिची टर उडवली.

कारण मात्र टर उडवण्यासारखं नव्हतं. सून मीनाला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. मुलगा मुकेश भिवंडीला कामावर, घरात या दोघीच. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मावशीनं आपली सगळ्यात आवडती गोष्ट देवीला देऊन टाकली. शेजारी कुणी सुकट भाजली तरी ती घर सोडून बांधावर जाऊन बसायची.

शेजारी म्हणजे आम्हीच. मी गौतम, जव्हारला कारकुनी करतो. माझ्याकडे खडखडती का होईना एक गाडी आहे, त्यामुळे अडलेली माणसं माझ्या दारी येतात. सातव्या महिन्यात मीनाला तपासणीसाठी नाशिकला मीच घेऊन गेलो. मावशी बरोबर होतीच. बाळ चांगलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. मावशीनं ते त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. सकाळपासून तिघांच्याही पोटात चहाशिवाय काही नव्हतं. परत निघताना रस्त्यावर एक चकचकीत काचेचं फास्ट फूडचं दुकान दिसलं आणि मला उदार व्हायची हुक्की आली.

आत फलकावर लिहिलं होतं, 'संपूर्ण वनस्पतिजन्य बर्गर'. शेजारी हिरवा ठिपका.

"मावशी, हे तुझ्यासाठीच केलंय बघ," मी म्हणालो. "यात मांसाचा कणही नाही."

"म्हंजे वडापाव."

"तसंच काहीसं."

मीनासाठी तळलेल्या बटाट्याच्या काड्या घेतल्या. मावशीनं पाव उघडून आत पाहिलं, वास घेतला, माझ्याकडे संशयानं बघितलं आणि घास घेतला. चावता चावता तिचं तोंड थांबलं. डोळे मोठे झाले. मग तिनं ते मिटून घेतले, घास गिळला आणि दुसरा घेतला, पहिल्याहून मोठा. तो चावत असतानाच तिची नजर समोर बसलेल्या मीनाच्या पोटावर गेली. हातातला बर्गर तिनं निखारा टाकावा तसा टाकला.

"गौतम, हे मास हाय."

"नाही गं, काहीतरी डाळबीळ असेल."

"मना मास शिकवतोस? मना?"

लोक वळून बघायला लागले. मी एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि चक्रावलोच. सरळसरळ खिमा. चव तीच, दाताखाली लागणंही तेच. तसाच तरातरा गल्ल्यावर गेलो आणि तिथल्या मुलीवर आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "सर, पूर्ण व्हेज आहे. वाटाणा आणि सोयाबीन, रंगाला बीट. सगळे असंच विचारतात." तिनं आतून खोकं आणून दाखवलं. मी ते दोनदा वाचलं. तिचं खरं होतं.

मावशीला हे सांगितलं तर तिला आणखीच धक्का बसला. "ज्याला मास खायाचा नाय, तो मासाची चव कशाला खातो? आन् ज्याला खायाचा हाय, तो वाटाणा कशाला खाईल?"

ते काही असो, नवस शाबूत होता, एवढं तर नक्की. मी ते तिला पुन्हा पुन्हा समजावलं. गाडीत मागच्या सीटवर मीना डोळे मिटून पडली. मोखाडा मागे पडल्यावर मावशी हळूच म्हणाली, "पयला घास चावला तवाच मना वाटलं, मास हाय. तरी गिळला. आन् दुसरा घेतला. मास समजूनच घेतला रं."

"पण होता वाटाणाच ना?"

"माझ्या जिभेला कुठं ठावं होतं?"

या बाईला मी लहानपणापासून ओळखतो, पण तिला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर मीना नुसती कण्हली तरी मावशीचा चेहरा पांढराफटक पडायचा.

मीना जव्हारच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी, धडधाकट, आवाज असा की बाहेर आवारात ऐकू यावा. नर्सनं बाळ मावशीपुढे केलं तर ती दोन पावलं मागे सरकली. "आईकडं द्या तिच्या," म्हणाली. घरी आल्यावरही तिनं नातीचं सगळं केलं, लंगोट धुतले, पाणी तापवलं, पण नातीला हातात घेतलं नाही. गावात कुजबुज सुरू झाली, मुलगी झाली म्हणून सकू नाराज आहे. मला राग यायचा, पण खरं काय ते सांगणं माझ्या हातात नव्हतं.

नात सव्वा महिन्याची झाल्यावर नवस फेडायचं ठरलं. गावदेवीला कोंबडा दिला, रस्सा शिजला, पळसाच्या पानांवर वाटे पडले. देवीची पूजा करणाऱ्या पुंजा भगतानं पहिला वाटा मानानं मावशीपुढे धरला. ती उठून उभी राहिली.

"मी नाय खायाची," ती म्हणाली. "माझा नवस मोडला. नाशकात मी मास समजून दोन घास खाल्ले. ही पोर माझ्या नवसानं नाय आली. देवीनं तशीच दिली."

मी मध्येच वाटाण्याचं सांगायला गेलो, तर वाटाण्याचं मांस हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. भगत हातातलं पान कुठं ठेवावं ते न कळून तसाच उभा. मग मीना उठली. तिनं बाळ सरळ मावशीच्या हातात ठेवलं आणि भगताकडून पान घेतलं.

"आये, मना ठावं हाय. गाडीत मी जागीच होते," ती म्हणाली. "तुझा वाटा मी खाते. तू हिला धर."

मावशीनं नातीला छातीशी धरलं. मीना तिच्या पायाशी बसली आणि सगळ्यांच्या देखत तिनं तो वाटा खाऊन संपवला.