ताईच्या खिडकीतला कूलर

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी रामटेकला अंगणात तांदूळ निवडत होते. मंदा पडली, म्हणाले. साफ खोटं! माझी थोरली बहीण पडली नव्हती. पलंगावरून नुसती उभी राहिली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून खाली आली. ऑपरेशन झालं, मग न्यूमोनियानं छाती भरली आणि ताई घरी परतलीच नाही...

कितीतरी वर्षं तिला संधिवात होता, सांधे वाकडे करणारा. सकाळी बोटं अशी आखडायची की कपाचा कान धरवत नसे. नागपूरच्या नंदनवन भागातलं घर वरच्या मजल्यावर, जिना उतरणं सुटलं. पुढे पाठ, मांड्या आतून ठणकू लागल्या. घरच्यांनी तेही संधिवातावरच ढकललं. डॉक्टरीणबाईंनी मात्र रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी पार तळाला गेलेलं. संधिवाताच्या रुग्णांत हे नेहमी दिसतं, त्या म्हणाल्या, त्यात स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ झालीत. ही गोळी चुकवू नका आणि रोज थोडं ऊन अंगावर घ्या.

भाऊजी हसले. ‘नागपुरात राहून ऊन कमी? इथं उन्हानं माणसं मरतात वं!’ हा विनोद प्रत्येक पाहुण्याला ऐकवला. एवढ्या औषधांत तेवढीच गोळी त्यांना फालतू वाटायची, संपली की आणायची राहायची. आणि ऊन? तिच्या खोलीला एकच खिडकी, दक्षिणेची. खिडकी झाकून खोलीतच स्टँडवर लोखंडी कूलर, बाराही महिने. दिवाळी झाली की ताई म्हणायची, ‘कूलर काढा ना हो, मले पलंगावरच ऊन भेटल.’ उत्तर ठरलेलं, ‘काहून काढू? होळीले पुन्हा लावाच लागते.’ मी फोनवर भांडले तर मलाच विचारलं, तू डॉक्टर होऊन राहिली काय? अहो, पाना फिरवायचं काम होतं ते!

ताई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं बसवायला जागा हवी, म्हणून त्यांनी कूलर काढला. एका सकाळीत निघाला. वंदनेला बसले आणि बघते तर ऊन थेट ताईच्या पलंगावर, उशीपर्यंत. भाऊजी शेजाऱ्यांना सांगत होते, खोली किती मोकळी वाटते.

आता त्या खोलीत तेच झोपतात. परवा फोन आला, ऊन तापू लागलं, कूलर लावायला माणूस बोलावून राहिलो, म्हणाले.

‘लावा,’ मी म्हटलं. ‘आता काढायले सांगणारं कोणी नाही.’