बुधवारचा आकडा

ह्यांच्या मनगटावरच्या घड्याळाने मला वैताग आणलाय. ह्यांना डायबेटिस, म्हणून हृदयावर लक्ष राहावं ह्यासाठी मुलाने ते दिलं. सकाळी उठल्या उठल्या हे मोबाईलमध्ये आकडा बघतात. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं कमीजास्त होत राहिलं की शरीर आरामात, आकडा मोठा. अंतर एकसारखं झालं की शरीराला विश्रांती नाही, आकडा लहान. एवढं मुलाने समजावलं. लहान आकडा माझ्यामुळे येतो, हे ह्यांनी स्वतःच ठरवलं.

काल भांडी आपटलीस, म्हणून आकडा पडला. पंखा बंद केलास, म्हणून पडला. मी मुळात कमी बोलणारी. तेवढंही बंद केलं, तरी पडायचाच.

त्यातच उत्तनच्या माझ्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ती एकटी राहते. मी जाते म्हटलं, तर हे म्हणाले, "तू गेलीस की मला टेन्शन येणार. आकडा आताच एवढा, मग काय होईल?"

आमच्या सिल्व्हर पार्कहून बसने तासाभराचं उत्तन, ते काय परदेशात आहे? पण ह्यांच्या हृदयाचं नाव निघालं की मी गप्प बसते.

मग लक्षात आलं, बोंब बुधवारीच असते. मंगळवारी ह्यांचा गणपतीचा उपास. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू आणि रात्री उपास सोडताना मोदक. शुगर मात्र त्या दिवशी मोजायची नाही. उपासाला बोटातून रक्त काढलेलं ह्यांना चालत नाही.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी घरी मोजलेल्या शुगरची वही बघितली. सगळी चांगली. रात्री गोड खाता का, विचारलं. हे म्हणाले, छे, उलट आठवड्यातून एक दिवस उपासच असतो. बाईंनी कौतुकाने मान हलवली. मला राहवेना. पर्स घट्ट धरून म्हटलं, "मंगळवारी हे शुगर मोजत नाहीत. आणि रात्री मोदक खातात."

"किती?"

"ताटात असतील तेवढे."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नुसत्या आकड्यावरून सगळं कळत नाही, पण रात्री शुगर चढली की झोपेतही हृदयाला आराम मिळत नाही. येत्या मंगळवारी रात्री मोजा. त्या मंगळवारी मोदकांनंतर मोजली. मशीनवरची चढलेली शुगर बघून हे म्हणाले, पट्टी जुनी असेल. पण माझ्या जाण्यावर काही बोलले नाहीत.

उत्तनला आले. बहिणीच्या डोळ्यावर पट्टी. बुधवारी सकाळी तिच्यासाठी पेज ढवळत होते, तेवढ्यात ह्यांचा फोन.

"पडला बघ आकडा. तू नाहीस ना."

"काल रात्री काय खाल्लंत?"

हे म्हणाले, "शेजारच्या बेनने श्रीखंड पाठवलं होतं. उपासाला चालतं."

आधी शुगर मोजा, म्हटलं, आणि फोन ठेवला. पेज खाली लागायला आली होती.