उजव्या खिडकीतला समुद्र

रामकृष्णाला त्याच्या मुलाने फसवलं, आणि रामकृष्णाने मला. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग मला लवकर येतो हे सगळ्या बाजाराला माहीत आहे, पण तो उतरतोही लवकर. हा उतरायला तयार नाही, म्हणून लिहायला बसलो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे. रामकृष्ण चांगलाच होता, ते वेगळं सांगायला नको. पण फसवणूक झाली ती झाली.

तो गेला त्या सकाळी मी खामगावात दुकानासमोर एका जुन्या ट्रॅक्टरच्या सौद्यात होतो. गिऱ्हाईक इंजिनाला कान लावून ऐकत होतं, मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, आणि बायकोचा, कमलचा फोन आला. सौद्याच्या वेळी मी फोन घेत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणूनच घेतला. ती एवढंच म्हणाली, "वत्सलाचे मालक गेले." वत्सला तिची धाकटी बहीण. रामकृष्ण वत्सलाचा नवरा, म्हणजे माझा साडू. अंगणात खुर्ची टाकून चहा पीत बसला होता, कप खाली ठेवला आणि मान टाकली... मी गिऱ्हाइकाला म्हणालो, तुम्ही म्हणता त्या भावात घेऊन जा. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या भावात माल सोडला. तो माणूस घाबरला. इंजिनात काहीतरी मोठी खोट असणार असं समजून ट्रॅक्टर न घेताच निघून गेला.

मी पिंपळगाव राजाचा. लहानपणी बाजारात दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून उभा राहायचो, पुढे बैलांचा दलाल झालो, आणि शेतांतून बैल कमी झाले तसा जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यात आलो. कोणी बोट धरून आणलं नाही. रामकृष्ण एसटीवर ड्रायव्हर, घर हिवरा आश्रमला. आमच्या सासऱ्यांच्या लेखी नोकरीवाला जावई हाच खरा जावई. रामकृष्णाच्या लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि मला सतरंजी दाखवली. ते मी आजपर्यंत विसरलो नाही. पण हेही विसरलो नाही, की चहा यायच्या आत रामकृष्ण खुर्चीवरून उठला आणि माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन मांडी घालून बसला. कमरेत उसण भरली म्हणाला. तेव्हापासून आम्ही साडू कमी आणि सोबती जास्त झालो.

त्याची गाडी शेगावला यायची, तेव्हा गुरुवार साधून मीही जायचो. महाराजांचं दर्शन, मग स्टेशनकडच्या रस्त्यावर एका टपरीत कचोरी आणि चहा. तो रिटायर झाला तरी हा नेम मोडला नाही. तिथेच त्या सहलीची गोष्ट निघाली. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. मला त्याचं काही वाटत नव्हतं, पण रामकृष्णाच्या डोक्यात ते कायमचं बसलं होतं. समुद्रापेक्षा त्याला समुद्राकाठचा रस्ता हवा होता. सगळी नोकरी काळ्या मातीतून गाडी चालवण्यात गेली, दोन्ही बाजूंना कपाशी नाहीतर सोयाबीन... एकदा एका बाजूला नुसतं पाणी असावं, आणि आपल्या हातात स्टिअरिंग असावं, एवढंच त्याचं म्हणणं. घाट उतरून कोकणात जायचं, काठाकाठाने थेट कन्याकुमारीपर्यंत, तिथे गाडी वळवायची आणि त्याच रस्त्याने परत. गाडी माझी, जुनी जीप.

चालवणार कोण यावर आमची घासाघीस झाली. त्याला सगळा रस्ता पाहिजे होता, मी म्हणालो अर्धा माझा. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा, भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. एकदा मूठ दाबली की सौदा पक्का, मग घरी नेताना बैल लंगडला तरी बोलायची सोय नाही. ही विद्या त्याला मीच शिकवली होती. टपरीवर त्याने खांद्यावरचा रुमाल टाकला. अंगठा धरला तर जातानाचा रस्ता, करंगळी धरली तर येतानाचा, असं ठरलं. त्याने माझा अंगठा धरला. मी मनात म्हटलं, जाऊ दे, येताना हा दमलेला असेल, मी ताजा. त्याची करंगळी धरली आणि मूठ दाबली. मग तो हसायला लागला. पाण्यात बोट बुडवून त्याने टेबलावर किनारा काढला. खाली जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या खिडकीत.

"अन् येताना?" मी विचारलं.

"येताना डाव्या हाताले. तिकडं कोण बसते, साडभाऊ? मी."

जातायेता दोन्ही वेळेला समुद्र त्याच्या खिडकीत. मी सौदा मोडला म्हणून ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "मूठ दाबली ना बे." टपरीवाल्यासकट सगळे हसले. मी दोन-तीन गुरुवार फुगून होतो, पण आतून मला बरं वाटत होतं. मला गुंडाळणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात भेटला नव्हता. तो माझ्याच हाताखाली तयार झाला होता.

सहल मात्र पुढे पुढे जात राहिली. कधी माझा धंदा, कधी त्याच्या मुलाचं लग्न, मधे लॉकडाऊन. गेल्या दिवाळीत आम्ही हिवऱ्याला जेवायला गेलो होतो. मुलगा नितीन पुण्याहून आलेला. मोठ्या कंपनीत आहे, बोलतोही तसाच, समोरच्याला आधी ऐकवून घेतो. त्याने जेवतानाच विषय काढला. रस्ते कसे आहेत, बाबांचं ब्लड प्रेशर कसं आहे, माझी जीप किती जुनी आहे. मग म्हणाला, "मावसाजी, विमानानं दोन तासांत पोचते माणूस."

"पोचायचं कोणाले आहे बे? आमाले जायचं आहे."

तो हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ताटावरून उठलो एवढं खरं. रामकृष्ण खाली मान घालून वरणात भात कालवत राहिला. पण पुढच्या गुरुवारी तो शेगावला आला, आणि आपणहून म्हणाला की येत्या दिवाळीनंतर, रस्ते सुकले की निघायचं, आता मागे फिरणं नाही.

संक्रांतीनंतर तो आणि वत्सला पुण्याला गेले. नातवाचं जावळ आहे, घरातल्या घरात आहे म्हणून कोणाला बोलावलं नाही, असं वत्सलाने कमलला कळवलं. मला ते लागलं, पण सोडून दिलं. परत आला तेव्हा रामकृष्ण वेगळंच बोलायला लागला. कर्नाटकात एका जागी एका अंगाला नदी, एका अंगाला समुद्र आणि मधून रस्ता आहे म्हणे. केरळात रस्ता पाणी सोडून आत घुसतो, गावाला गाव लागलेलं, तो भाग पहाटेच काढायचा. मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं. म्हणाला, एक ड्रायव्हर भेटला होता.

"पुण्यात?"

त्याने कप तोंडाला लावला. "हाव."

माणसाच्या तोंडाकडे बघून मी पोट भरलं आहे. कोणता बैल लंगडा आहे हे मी मालकाच्या डोळ्यांत ओळखतो. त्या दिवशी मला काहीच कळलं नाही... कारण त्याच्याकडे त्या नजरेने बघायची कधी वेळच आली नव्हती.

तेरवीला मंडपात नितीनची बायको पाहुण्यांना मोबाइलवर फोटो दाखवत होती. बाबांचे शेवटचे फोटो म्हणून. मीही मान वाकवली. रामकृष्ण नवीन शर्टात उभा होता, शेजारी वत्सला, आणि मागे पाणी. एवढं पाणी आमच्या जिल्ह्यात नाही. मी आतल्या खोलीत गेलो. वत्सला भिंतीला टेकून बसली होती. मी विचारायच्या आधीच तिने ओळखलं.

ती हळूहळू सांगत गेली. नितीन तिकिटं काढूनच बसला होता. जावळाला म्हणून ते पुण्याला गेले, आणि दुसऱ्याच दिवशी विमानात. विमानात रामकृष्णाला मधली जागा मिळाली, बाहेरचं काही दिसलं नाही, दिसले असते तर ढगच. खाली उतरल्यावर सहलीची बस, कन्याकुमारी, फोटो. "सारे पाण्यात उतरले, भाऊजी. हे फोटोपुरते आले अन् परत बसमधी जाऊन बसले. त्या ड्रायव्हरशी बोलत. मी म्हटलं, एवढ्या दूर आले, पाय त ओले करा. त म्हणे, माहा समुद्र अजून राह्यला आहे. साडभाऊसंग."

ते ऐकून मी बाहेर आलो आणि मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल रडतो आहे. रडत नव्हतो. तो तिथपर्यंत गेला, समुद्राकडे पाठ करून बसला, आणि परक्या ड्रायव्हरला मोडक्या हिंदीत आमचा रस्ता विचारत राहिला. आणि हे मला सांगायची त्याला घरातून परवानगी नव्हती, तेही वत्सलानेच सांगितलं.

संध्याकाळी मी नितीनला गाठलं. त्याने लपवाछपवी केली नाही, ते मान्य करतो. म्हणाला, "बाबा तुमाले सांगतोच म्हणून राह्यले होते. मीच नाही म्हटलं. तुमी तमाशा केला असता." माझा आवाज चढला, माणसं वळून बघायला लागली, कमलने माझं कोपर धरलं, आणि तो आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुण्याला. त्यानंतर माझा फोन त्याने उचललेला नाही.

तमाशा मी केला असता. दोन शब्द जास्तच बोललो असतो. रामकृष्णाने खाली मान घालून ऐकून घेतलं असतं, पुढच्या गुरुवारी चहा मागवला असता, आणि तमाशा तिथे संपला असता. इतकी वर्षं आमचं असंच चाललं होतं. त्याऐवजी झालं काय? जो माणूस माझ्याशी कधी शब्द तोलून बोलला नाही, त्याला शेवटचे सगळे गुरुवार शब्द तोलत काढावे लागले. कप तोंडाला लावून हाव म्हणावं लागलं.

परवा जीप धुवायला काढली. डाव्या सीटपुढच्या रबरी चटईला टाचेखाली भोक पडलं आहे. तो बाजूला बसला की समोर बैलगाडी आली, कुत्रं आडवं आलं, की जिथे ब्रेक नाही तिथे ब्रेक दाबायचा, आणि मी ओरडायचो की गाडी मी चालवतो आहे. दुकानातून नवीन चटई आणून ठेवली आहे. टाकवत नाही.

नितीन, पेपरच्या ज्या पुरवणीत हे छापून येणार आहे, ती तुला पुण्यात मोबाइलवर मिळते, मला माहीत आहे. विमानाने नेलंस त्याबद्दल माझी तक्रार उरलेली नाही. बाप तुझा, तिकीट तुझं. पण तो आयुष्यात माझ्याशी एकच खोटं बोलला, आणि ते तू बोलायला लावलंस. तो अधिकार तुला कोणी दिला? फोनवर नको. हिवऱ्याला ये, तुझ्या आईसमोर बस, आणि मला उत्तर दे.