पाठमोरी

लालबाग-परळमध्ये चित्राची एकच तारीफ चालते: "अगदी फोटो वाटतो!" त्याच्या वरची पायरी म्हणजे "आता बोलेल बघ." माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली आणि ही दोन वाक्यं ऐकून माझं डोकं उठायचं. फोटोच हवा असेल तर फोटो काढा ना, माणसाला कशाला घाम गाळायला लावता?

दिवाळीत आमच्याकडे रांगोळीची प्रदर्शनं भरतात. दारातली ठिपक्यांची रांगोळी नव्हे. शाळेच्या वर्गातले बाक हलवून जमिनीवर मोठमोठी व्यक्तिचित्रं काढतात, चिमटीने रंग सोडत, पाठीचा काटा ढिला होईपर्यंत. रांगोळीच्या कडेला मूळ फोटो लावायची पद्धत आहे. लोक रांगेने येतात, फोटो बघतात, रांगोळी बघतात, परत फोटो बघतात. मिशी जुळली की चित्रकार पास.

निवृत्तीनंतर मी चिंचपोकळीला घरीच रविवारचा वर्ग सुरू केला. तिथे एक मुलगी येते, बँकेत नोकरी करणारी. हात इतका तयार की मिशीच काय, पापण्याही जुळवेल. यंदा तिला आईची रांगोळी काढायची होती. आई घरी डबे करून देते. पहाटे उठायचं, बाजार, स्वयंपाक, डबे, की पुन्हा दुसऱ्या दिवसाची तयारी. लेकीची इतकी प्रदर्शनं झाली, ही बाई एकदाही फिरकली नाही. या वर्षी तिला आणायचं आणि तिचं चित्र तिला दाखवायचं, एवढाच पोरीचा हट्ट होता.

एका रविवारी तिने फोटोवरून केलेलं कच्चं चित्र आणलं. आई रेशमी साडी नेसून ताठ बसलेली, चेहरा आधार कार्डावर असतो तसा. पोर रडवेली झाली होती. "बाई, सगळं बरोबर आलंय. पण आई आली नाहीये."

मला इतका आनंद झाला की मी आधी चहा टाकला. हे वाक्य शिष्याच्या तोंडून ऐकायला मास्तरांचे जन्म जातात.

चित्रातल्या चेहऱ्यावर मी अंगठा ठेवला. "आता काय उरलं?"

"साडी."

"म्हणजे तुझी आई यात नव्हतीच. आठवडाभर पेन्सिल धरू नकोस. घरी बस आणि बघ, आई कुठे थकते."

पुढच्या रविवारी ती दारातूनच म्हणाली, "डाव्या पायावर." ओट्याशी उभी असताना आई सगळा भार डाव्या पायावर टाकते, उजवी टाच उचलते आणि मधूनच पालथी मूठ कमरेवर दाबते. हे तिला लहानपणापासून दिसत होतं, पण तिने ते पाहिलं नव्हतं. भाव चेहऱ्यावरच असतो असं आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे. तो मानेत असतो, टाचेत असतो, दोन वस्तूंच्या मधल्या रिकाम्या जागेत तर सगळ्यात जास्त असतो.

मग आम्ही भांडत भांडत चित्र बांधलं. आई पाठमोरी, पदर खोचलेला. पोरीने तिला मधोमध उभी केली होती. मी म्हटलं, सरकव कडेला. समोर नुसती भिंत राहू दे, मोठी, कारण आईने जन्मभर तीच पाहिली आहे. रंगही कमी केले. भिंतीचा मळकट पिवळा, साडीचा विटका हिरवा आणि खिडकीतून मानेवर पडलेला थोडा उजेड. तो उजेड तिने चहाच्या गाळणीने रंग भुरभुरवून आणला, आणि तिथे मी तोंड बंद ठेवलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष शाळेत पाहणीला आले. हा एकेकाळचा माझाच विद्यार्थी, आता पोट सुटलेला. रांगोळीभोवती फिरून म्हणाला, "बाई, चेहरा कुठाय? आणि फोटो?"

"फोटो नाही. लागत नाही."

"असं कसं बाई! पब्लिक काय जुळवणार? संध्याकाळपर्यंत बघतो. लोकांना कळली नाही तर पुसून जागा दुसऱ्याला देतो. वाईट वाटून घेऊ नका."

पोरीचं तोंड उतरलं. तेवढ्यात आईचा फोन आला. चित्र पाठमोरं आहे हे लेकीकडून कळल्यावर तीही म्हणाली, "थोबाडच नाय, तर काय बघूचा? मी नाय येवचंय." मी अध्यक्षांना हसून वाटेला लावलं.

दुपारी पोरीच्याच चाळीतल्या चारचौघी दुसऱ्या कोणाची रांगोळी बघायला आल्या. आमच्या वर्गाच्या दारात त्यातली एक थबकली आणि ओरडलीच, "अगो, ही आपली डबेवाली वहिनी!" दुसरी म्हणाली, "टाच बघ ना, टाच!"  तिसरी रांगोळीभोवतीच्या दोरीशी उभी राहून स्वतःच्या कमरेवर मूठ दाबत होती, तिला ते कळतही नव्हतं. मग चाळभर बातमी गेली. संध्याकाळी बाकीचे वर्ग ओस पडले आणि आमच्या दारातली रांग जिन्यापर्यंत गेली. एकानेही 'फोटो वाटतो' म्हटलं नाही. लोक गप्प होत होते, आणि परळच्या माणसाला गप्प करणं म्हणजे खायचं काम नाही! अध्यक्ष रांग सांभाळता सांभाळता घामाघूम झाले. "बाई, मानलं," एवढंच म्हणाले. मी ते दोनदा म्हणवून घेतलं.

शेजारणींनी शेवटी आईला हाताला धरून आणलं. घरच्याच साडीवर, हाताला पीठ. ती रांगोळीपुढे उभी राहिली.  तिने वाकून चित्रातली टाच पाहिली. मग हळूच बोलली, "माका वाटायचा, माझ्याकडे कोण बघनाच नाय."

पोर हुंदके द्यायला लागली. मी छताकडे पाहत राहिले. आईने मात्र पदराने डोळे पुसले. ती वळली आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या चेडवान काढल्यान हां! ही मी." एवढं सांगून तिने लोकांकडे पाठ केली, पदर खोचला, भार डाव्या पायावर टाकला आणि उजवी टाच उचलून ऐटीत उभी राहिली.