तारघराच्या दारात विनय

विनयला मरताना मी आधीच पाहिलं होतं. एकदा नव्हे, सबंध दुपारभर. दर वेळी तो छाती धरून तारघराच्या दारात कोसळायचा आणि दर वेळी उठून, पँट झटकून विचारायचा, "कॉफी उरलीय का रे?" त्यामुळे महिन्याभराने अनघावहिनींचा फोन आला, "भावजी, विनय आज सकाळी उठलाच नाही…" तेव्हा रेगेन्सबर्गच्या आमच्या इमारतीच्या तळघरात ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभा असलेला मी मूर्खासारखा म्हणालो, "उठेल." सांत्वनाला मला कुणी बोलावू नये ते यासाठीच.

कराडला होस्टेलवर आम्ही एका खोलीत होतो. पुढे मी इकडे जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात चिकटलो आणि तो ड्रेस्डेनला, चिप बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे आठवडाभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, फक्त डोळे उघडे, धुळीचा कण दिसला तरी गहजब. म्हणूनच की काय, शनिवारी त्याला धूळ लागायची. ती त्याला एका फेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या हौशी मंडळात, सापडली. आठवडाभर नळ जोडणारी आणि विमे विकणारी माणसं सुट्टीच्या दिवशी मोठ्या टोप्या घालून काउबॉय होतात, अशी मंडळं जर्मनीत बरीच. या मंडळाचा म्होरक्या उवे, आयुष्यभर घरांची छपरं घातलेला म्हातारा. त्याने त्या वर्षी आख्खा वेस्टर्न सिनेमाच काढायला घेतला होता.

"तू लेखक ना? ये बघायला," विनय फोनवर म्हणाला होता. "तुझ्या विनोदी लेखांना तेवढाच चारा. मी मरतोय."

"कधी?"

"मध्यंतराच्या जरा आधी."

शूटिंग गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत होतं. दोन घोडे, फळ्यांचं एक तारघर, आणि झाडीमागे अखंड घोंघावणारा आउटोबान, म्हणजे इथला महामार्ग. त्या गोंगाटात आवाज रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं. उवेला त्याचं काहीच वाटत नव्हतं. या देशात परदेशी सिनेमातला प्रत्येक नायक नंतर भरलेल्या जर्मन आवाजात बोलतो, तसं आपणही सगळं नंतर गॅरेजमध्ये भरू. आत्ता फक्त ओठ हलवा, काहीही बोला.

विनय होता तारमास्तर. दरोडेखोरांची गोळी खाऊन त्याने अखेरचे शब्द बोलायचे आणि पडायचं. 'काहीही बोला' हे तर त्याला आंदणच. कॅमेऱ्याच्या पलीकडे मला हेरून, प्राण कंठाशी आणून तो कळवळला, "मेसमध्ये… आज परत… शेवग्याची आमटी…" आणि गेला. आवाज जाऊ नये म्हणून मी मफलर तोंडात कोंबून थरथरत होतो. कॅमेरावाली बाई शेवटी वैतागून म्हणाली, "हसा की मोकळेपणी, आवाज घेतोय कोण?"

त्यानंतर मी जे केलं ते फक्त आपला माणूसच करू शकतो. मधल्या वेळात कॉफी आणि केक तारघरातच मांडला होता. आत झाडलेली लाकडी जमीन, दाराला उंबरा… माझे पाय आपोआप थांबले. मी बूट काढले, उंबऱ्यापाशी नीट जोडीने लावले आणि आत जाऊन केक खाल्ला. पुढच्या खेपेला विनय इतका सुरेख मेला की टाळ्या पडल्या. उवे मात्र कॅमेऱ्याच्या पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. त्या जुन्या जमान्यातल्या तारघराच्या दाराशी पोपटी नाड्यांचे धावायचे बूट विराजमान झाले होते.

"मोहन्या, माझ्या घरी तर खुशाल बुटांसकट घुसतोस!" विनय पडल्या जागेवरून ओरडला.

कुणीतरी बूट झाडीत भिरकावले. मी मोज्यांवर काटे चुकवत ते हुडकत होतो, तेवढ्यात त्यांनी आणखी एकदा तो प्रसंग उरकला. परत आलो तर विनय उंबऱ्यावर बसलेला, घामाने निथळत. "हा जमला," म्हणाला.

"काय बोललास या वेळी?"

"पडद्यावर बघशील की."

कॉफी मात्र त्याने मागितली नाही…

तो गेल्यावर काही आठवड्यांनी उवेने वहिनींना कळवलं की सिनेमात विनयच्या मरणाची ती शेवटची खेपच घेतलीय, फक्त आवाज हवा. लाइप्झिगचा एक नट जर्मनमध्ये बोलायला तयार होता. वहिनींनी साफ नकार दिला. मला म्हणाल्या, "त्याच्या तोंडात परका आवाज नको. तुम्ही करा, भावजी. होस्टेलवर त्याची नक्कल तुम्हीच करायचात ना?"

करायचो. पण बोलायचं काय? तो काय बोलला ते ऐकलेला मराठी माणूस एकच असू शकला असता, आणि तो तेव्हा झाडीत होता.

ड्रेस्डेनच्या त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही तो तुकडा पुन्हापुन्हा लावून बघत होतो. वहिनींना वाटत होतं, सुरुवात 'अनघा'नेच होतेय. मला खात्री होती, मलाच शिवी घातलीय. त्यांची चौदा वर्षांची लेक ईरा फ्रिजला टेकून उभी होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. ती म्हणाली, "एर त्सेल्ट." तो मोजतोय.

"काय?"

"आल्झो… म्हणजे, बघा ना." आणि ती मराठीतून म्हणू लागली, "एक… दोन… तीन…" लपाछपीत तिच्यासाठी डाव घेताना बाबा असाच मोजायचा, ओठांनी प्रत्येक आकडा ठसठशीत करून. तिचा प्रत्येक आकडा त्याच्या ओठांवर चपखल बसत गेला. 'सात'नंतर ते ओठ तसेच उघडे राहिले.

वहिनींनी तो तुकडा पुन्हा एकदा मोजत बघितला. मग म्हणाल्या, "मोजत असेल तर मोजू दे. पण आवाज त्याचा वाटला पाहिजे."

उवेच्या गॅरेजमध्ये वहिनी कोपऱ्यात बसल्या, मी कानांवर हेडफोन चढवले आणि विनयचा तो किंचित नाकातला, आळसावलेला आवाज काढला. तो इतक्या सहज आला की मलाच नको वाटलं. एक… दोन… ओठ जुळत गेले. सात. विनय पडला. आणि मी, जन्माचा वेंधळा, त्या निपचित देहावर म्हणालो, "आठ."

"सॉरी, सॉरी. परत घेऊ."

उवेने विचारलं, "तो शेवटचा शब्द कुठला?"

"आख्ट," मी म्हणालो.

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "मी त्याला म्हटलं होतं, मनात दहापर्यंत मोज आणि मग पड. तो सातलाच पडला. मला वाटलं… काय छान चुकलाय."

मी परत घ्यायला माझे हेडफोन सारखे केले. मग कोपऱ्यातल्या स्टुलावरून वहिनींचा आवाज आला, "भावजी, ते आठ राहू दे."

"वहिनी, पण तेव्हा तर तो…"

"माहितीय मला. राहू दे."

गेल्या शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. माणसं टोप्या मांडीवर घेऊन बसली होती. विनय मोजत मोजत दारात कोसळला. धूळ खाली बसली. पडद्यावर काहीही हलत नव्हतं. आणि त्या शांततेत तो स्पष्ट म्हणाला, "आठ."

आवाज माझाच होता. मला ठाऊक होतं… तरी मी दचकून मागच्या अंधारात वळून पाहिलं. शेजारी ईराही वळली होती.