धिंगरीच्या तंबूतला आसाराम

लिंबागणेशच्या माळावर वाढलेल्या आसारामने उभं आयुष्य मेंढरांच्या मागं काढलं. पाऊस उघडला की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि बालाघाटाच्या कडेकडेनं चरत जायचं. जिथं सांज होईल तिथं वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, ठोकायची आणि बाजूला घोंगडी टाकून पडायचं. गावात त्याचं एक पत्र्याचं घर होतं, पण त्यात त्याला झोप अशी लागलीच नाही. पावणेरावळ्यांकडं गेला तरी तो अंथरूण ओढून अंगणात आणायचा. लोक हसायचे, पण छपराखाली छातीवर काही पालथं घातल्यासारखं वाटतं, असं तो खरंच सांगायचा.

मग एका पहाटे डांबरी रस्ता ओलांडताना मालट्रक कळपात घुसला. निम्मी मेंढरं जागीच गेली आणि आसारामचा उजवा गुडघा फुटला. तो सांधला खरा, पण पाय पुन्हा सरळ पडेना. लंगडत मेंढरांच्या मागं जाता येत नाही. उरलेला कळप त्याने आपल्या म्हाळू नावाच्या पुतण्याच्या हवाली केला आणि पत्र्याच्या घरात येऊन बसला. दिवसभर उंबऱ्यावर, रात्री अंगणात.

नेकनूरच्या बाजूला सुंदररावांची मोठी जमीन. आसाराम सालोसाल त्यांच्या रानात मेंढरं बसवायचा, लेंडीखतासाठी. सुंदररावांना सगळे आबा म्हणत. त्यांचा मुलगा विजयसिंह आसारामच्या डोळ्यांसमोर वाढलेला, आसाराम त्याला बापू म्हणायचा. त्याला आसारामचं कळलं आणि तो गाडी घेऊन दारात आला. आपण धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, लावतोय, म्हणाला, जुन्या कापसाच्या गोदामात. चोवीस तास राहणारं विश्वासाचं माणूस पाहिजे. गोदामाला लागून पक्की खोली आहे, नळ आहे, संडास आहे. दोघंही येऊन राहा.

आसाराम विचार करतो म्हणणार होता. पण त्याची बायको रतनबाई तेवढ्यात आत जाऊन भांडी बांधायला लागली होती.

गोदाम चांगलं ऐसपैस होतं, पण त्याला एक दरवाजा आणि वर दोन झरोके, तेही चिमण्या येऊ नयेत म्हणून जाळी मारून बंद केलेले. त्या गोदामाच्या आत विजयसिंहने तंबू उभा केला. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर बाहेरून काळं आणि आतून चंदेरी जाड कापड, आणि आत शिरायला खालपासून वरपर्यंत चेन. तंबूत सोयाबीनच्या भुसकटानं भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दोरीला एकाखाली एक टांगलेल्या. पिशव्यांच्या भोकांतून अळिंबीचे गुच्छ फुटायचे, राखाडी, कानाच्या पाळीसारखे मऊ.

काम अवघड नव्हतं. कापूस जिथं तग धरतो तिथं अळिंबी धरत नाही, तिला गारवा लागतो आणि ओल लागते. म्हणून तंबूच्या खालच्या झडपेपाशी कूलर होता, त्याची ओली हवा आत जायची. चारी बाजूंनी गोणपाटं टांगलेली, ती सतत भिजवायची. आणि वरच्या कोपऱ्यात पंखा बसवला होता, तो आतली उष्ण, कोंदट हवा जाड पाइपातून बाहेर ओढायचा. अळिंबीसुद्धा श्वास घेते, विजयसिंहने समजावलं होतं. तिनं सोडलेली हवा काढली नाही तर तिचाच जीव घुसमटतो. आसारामला हे लगेच पटलं. त्याचाही घुसमटतच होता.

त्याहून मोठी पंचाईत मोबाइलची झाली. तंबूत उष्णतामापक होता, कॅमेरा होता, आणि दोन्ही विजयसिंहच्या मोबाइलला जोडलेले. विजयसिंह कधी बीडला, कधी पुण्याला. पण तंबूतली हवा जरा तापली की आसारामच्या खिशात घंटी वाजायची. मामा, गोणपाट वाळलं का? मामा, चेन उघडी दिसतेय, चिलटं शिरतील. आवाज नेहमी मायेचा असायचा, त्यामुळं रागावताही यायचं नाही. आसाराम दारात बिडी ओढायला बसला तरी हात खिशावर असायचा. बिरोबाच्या जत्रेला तो त्या साली पहिल्यांदा गेला नाही. कूलरचं पाणी कोण भरणार?

रतनबाईचं मात्र वेगळं होतं. तिनं खोलीला चुना दिला. कोनाड्यात देव मांडले, फळीवर पितळी भांडी लावली आणि ती रोज घासू लागली. संध्याकाळी आतून कडी लावून ती भाकऱ्या थापायची, तेव्हा गुणगुणायची. आसाराम बाहेर ओट्यावर अंथरूण टाकायचा आणि ते ऐकत पडायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाई गुणगुणते हे त्याला ठाऊक नव्हतं.

होळी झाली आणि ऊन चढलं. गोदामाचे पत्रे तापायला लागले. अळिंबीचे देठ लांब लांब वाढू लागले आणि वरची छत्री बटणाएवढीच राहू लागली. विजयसिंह येऊन बघून गेला. चूक कुठं आहे ते त्याला माहीत होतं. तंबूतली हवा बाहेर काढणारा तो जाड पाइप बाहेर जातच नव्हता. तो गोदामातच सोडलेला होता. काढलेली हवा बंद गोदामात साठायची आणि कूलर तीच पुन्हा तंबूत ढकलायचा. पाइप गोदामाच्या भिंतीपार न्यायला हवा होता. पण ते गोदाम आबांनी हौसेनं, घडीव दगडात बांधून घेतलेलं. त्याच्या भिंतीला भोक पाडू का, असं विचारायचं म्हणजे एक भांडण. पावसाळ्यापर्यंत काढू निभावून, विजयसिंह म्हणाला. तोवर चेन घट्ट लावा, गोणपाटं जास्त भिजवा.

आसारामने मान हलवली. त्या दिवसांत तो तंबूत शिरला की श्वास उलटा चालल्यासारखं व्हायचं त्याला. आत घ्यायचा तो पुरत नाही आणि बाहेर सोडायचा तो कुठं जात नाही. कपाळावरचा घाम वाळायचा नाही. तोंडाला बांधलेलं फडकं ओलं होऊन नाकाला चिकटायचं. काम सोडून तो चेन उघडून बाहेर यायचा, तर बाहेर गोदाम. गोदामाच्या दारात यायचा, तर खिशात घंटी.

मग ते घडलं. दुपार कलती होती. वीज गेली. कूलर थांबला, पंखा थांबला, कॅमेरा बंद पडला, आणि विहिरीवरची मोटरही बंद पडल्यानं नळाला पाणी येईना. गोणपाटं वाळायच्या आत पाणी आणावं म्हणून आसाराम घागर घेऊन शेजारच्या वस्तीवरच्या हातपंपाकडं गेला. गुडघ्यामुळं जायला यायला वेळ लागला.

तो परत आला तेव्हा दारात रतनबाई दिसली नाही. खोलीत नव्हती. त्याने हाक मारली. गोदामात शिरला तर अंधार आणि भट्टीसारखी धग. तंबूच्या आतून काहीतरी कापडाला घासल्यासारखा बारीक आवाज येत होता.

गुच्छ वेळेवर तोडले नाहीत तर वाया जातात म्हणून ती आसारामला न सांगताच टोपली घेऊन आत गेली होती. चिलटांवरून फोनवर बोलणी नकोत म्हणून तिनं आतून चेन लावून घेतली होती. वीज गेली तेव्हा तोडणी जवळजवळ उरकली होती, म्हणून उरलेली संपवायला ती आतच थांबली. मग डोकं जड झालं, आणि बाहेर पडावं म्हणून तिनं चेन ओढली, तर कापडाची कड दात्यांत अडकली. ती ओढत राहिली. नंतर खाली बसली.

आसारामने बाहेरून चेन ओढली. ती हलेना. "रतने," तो म्हणाला, "बोल काहीतरी." आतून नुसताच तो घासल्याचा आवाज आला आणि मग तोही थांबला.

खोलीत त्याच्या पेटीत लोकर कातरायची कातर होती. मेंढरं गेली तरी त्याने ती विकली नव्हती. ती आणून त्याने तंबूच्या काळ्या कापडात खुपसली आणि वरून खालपर्यंत उभं चिरत आणलं. आतली हवा तोंडावर आली ती वाफेसारखी. रतनबाई भुसकटाच्या पिशवीला टेकून बसली होती, मान एका बाजूला, टोपली मांडीवर तशीच. त्याने तिला बखोटीला धरून ओढत गोदामाबाहेर लिंबाखाली आणलं. गुडघ्यातून कळ निघाली, ती त्याला नंतर आठवली. घागरीतलं पाणी त्याने तिच्या डोक्यावर ओतलं, सगळं.

खिशात घंटी वाजत होती. त्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, "बापू, गाडी घेऊन ये."

विजयसिंह आला. फाटक्या तंबूकडं त्याने बघितलंही नाही. बीडच्या एका दवाखान्यात त्याने स्वतः तिला नेलं, रात्रभर बाकावर बसून राहिला. उष्णता आणि कोंडलेली हवा, डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. दुसऱ्या दिवशी विजयसिंहने गवंडी आणला आणि आबांना न विचारता भिंतीला भोक पाडलं. आबा चार दिवस बोलले नाहीत. मग एक दिवस येऊन ते भोक बघून गेले, इतकंच.

रतनबाई खोलीत परतली त्या दुपारी आसारामने तिला सगळं सांगितलं. त्याने मनात ठरवून टाकलं होतं. म्हाळू कळप घेऊन आष्टीच्या अंगाला आहे. त्याला निरोप धाडू. चालवत नसलं तरी घोड्यावर बसवतं, वाघर राखता येते. इथं राहायचं नाही.

रतनबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती.

"तुमी जावा," ती म्हणाली. "मी न्हाई येत."

"कावून? मरता मरता वाचलीस तू."

"ते खरं हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पण मला आता उघड्यावर निजायचं न्हाई. पोर झालं ते बी बांधाच्या कडंला झालं अन् गेलं ते बी तिथंच. चूल रोज नव्या जागी मांडली. पावसात तुमी मेंढरं झाकायचा, मी तशीच भिजायची. कधी बोलले का? आता कडी लावून निजते तर लई गाढ झोप लागती मला. ही खोली मी सोडणार न्हाई."

आसाराम उंबऱ्यावर टेकला. ते पोर आपण विसरलो नव्हतो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्याने उघडं आभाळ आपल्यासाठी मोकळं मानलं होतं. त्याखाली आणखी कुणी कोंडलेलं असेल हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मग ऱ्हाऊ," तो म्हणाला. "पण तंबूत तू शिरायचं न्हाई."

"न्हाई शिरत."

म्हाळूला निरोप गेला नाही.

नवा तंबू आला. पाइप भिंतीपार गेला, खालून ताजी हवा येऊ लागली. धिंगरीच्या छत्र्या तळहाताएवढ्या उघडल्या. गावोगावचे लोक बघायला यायला लागले तसा विजयसिंहने शेजारी दुसरा तंबू लावला. कूलर दोन झाले, गोणपाटं दुप्पट झाली. खिशातली घंटीही जास्त वाजू लागली. पावसाळा लागला आणि ओट्यावर निजणं बंद झालं. आसाराम आत, खाटेशेजारी जमिनीवर, दाराकडं डोकं करून पडू लागला. दाराखालच्या फटीतून थोडी हवा यायची.

एकदा कडा गावाकडची काही मंडळी तंबू बघायला आली होती. विजयसिंहने त्यांच्यासमोर कौतुकानं विचारलं, मामा, करमतं ना इथं?

आसारामने खोलीकडं पाहिलं. रतनबाई दाराला नवा पडदा लावत होती. दोरी एका बाजूला उतरती झाली म्हणून ती पुन्हा सोडून, पुन्हा बांधत होती.

"करमतं की," तो म्हणाला.

मग नाकाला फडकं बांधून तो तंबूत शिरला आणि त्याने आतून चेन लावून घेतली.