भावजींचं कार्टून

फोन आला तेव्हा मी दहिवडीला, माहेरच्या लग्नात पंगतीत वाढत होते. आमचे हे एवढंच म्हणाले, "सुहास गेला." मी विचारलं, "कुठं गेले?"... माझे धाकटे दीर, अजून पन्नाशीही गाठली नव्हती. सकाळी चहा घेऊन माडीवर गेले आणि खुर्चीतच संपले. रडू मला नंतर आलं, आधी राग आला. महिना उलटला, तरी तो उतरलेला नाही. मी माहेरी निघताना याच माणसानं जिन्यावरून ओरडून बजावलं होतं, "वहिनी, शेवटचा भाग एकटीनं बघायचा न्हाई हां! तुमी आल्यावर बघू. एकटीला झेपायचं न्हाई तुमाला." आणि मी येईपर्यंत स्वतःच निघून गेले.

भाग कसला, ते सांगते. माधवनगरला आमच्या घराच्या माडीवर भावजींची खोली. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, वर नेलेला चहाचा कप आयुष्यात कधी खाली आणला नाही. दुपारी झेरॉक्सचं दुकान बंद करून यायचे, जेवायचे आणि कॉम्प्युटरवर जपानी चित्रांच्या मालिका लावायचे. एकदा कप गोळा करायला मी वर गेले, तर म्हणाले, "बसा, ह्यात दुष्काळ हाय. तुमच्या माण तालुक्यातलाच समजा." त्यांच्या शेजारी एक जुनी वेताची खुर्ची होती. तिच्यावरचे कपडे त्यांनी पलंगावर फेकले आणि मी बसले ती बसलेच.

मालिका मोठी काळीकुट्ट. पृथ्वीवरचं पाणी संपलंय, माणसं जमिनीखाली बिळात राहतात. एक मुलगी मेलेल्या आईचा आवाज भरलेलं यंत्र पाठीवर बांधून वर, उजेडाकडे निघाली आहे. यंत्राची बॅटरी मोजकी. आई जितकं बोलेल तितकी लवकर संपणार. आता सांगा, अशी आई गप्प बसेल का? ती बोलतच राहते. संवाद जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत पळायची. म्हणून भावजी सगळ्यांचे आवाज काढायचे, तेही आपल्या सांगलीच्या बोलीत. पहिल्याच भागात यंत्राचे डोळे लुकलुकतात आणि आई म्हणते, "ऊठ की गं, उन्हं आली!" त्या बिळात कसली आलीत उन्हं! पण कप गोळा करायचे राहिले, ते तिथंच.

म्हणून मालिका चांगली आहे असं नाही हं. मधले कितीतरी भाग नुसती लढाई, काही घडतच नाही. पोरीचा चेहरा एका भागात गोल, तर दुसऱ्यात लांबुळका. खलनायक मारायच्या आधी तासभर भाषण ठोकतो. आणि जगातलं पाणी संपलं ते संपलं, पोरीच्या अंगावरचं कापडही का संपावं? मी म्हटलं, "भावजी, हे पुढं ढकला." ते भडकायचे. "ढकलायचं न्हाई! कंटाळा आला तर कंटाळा बघायचा. तीबी चालून कंटाळलीय की!" आम्ही कडाकडा भांडायचो. दोन दिवस मी वर जायची नाही, तिसऱ्या दिवशी निमूट जाऊन बसायची.

रक्षाविसर्जनाला कृष्णेच्या घाटावर नैवेद्य ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही शिवेना. नणंद म्हणाली, "दादा, तुझं दुकान आमी बंद पडू देणार न्हाई रं." कावळा हलेना. ह्यांनी शाळेला पंखे द्यायचं कबूल केलं, तरी काही नाही. ऊन तापलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "लग्नाची इच्छा राहिली असंल." माझं डोकं सणकलं. मी पुढं झाले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "आवं भावजी, बघते मी तो शेवटचा भाग. एकटी बघते! झालं?" मग कावळ्याकडे बघून, "आता शिव की मेल्या!" शिवला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, भुकेजला असेल. पण नणंदेनं विचारलं, "कसला भाग गं?" आणि आमच्या ह्यांनी, सख्ख्या भावानं, मान खाली घालून सांगितलं, "कार्टून बघायचा तो." पाव्हणे गालात हसले. त्या हसणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही, ह्यांना तर मुळीच नाही.

परवा दुपारी माडीवर गेले. त्यांची खुर्ची मोकळी होती, तरी मी माझ्याच खुर्चीत बसले. चष्मा पुसला, थांबवत थांबवत अक्षरं लावायची तयारी ठेवली आणि शेवटचा भाग सुरू केला. पोरगी चढतेय. मी खाली अक्षरांची वाट बघतेय. अक्षरं येईनात. मला वाटलं काहीतरी बिघडलं, पहिल्यापासून लावलं. तेच. आईची बॅटरी आधीच्या भागातच संपलेली. पोरगी एकटी चढते, बाहेर येते, पाठीवरचं यंत्र सोडून आपल्या शेजारी नीट बसवते आणि दोघी उन्हाकडे बघत राहतात. संपलं. आख्ख्या भागात एक शब्द नाही. माझ्या चार वर्षांच्या नातीलाही कळलं असतं.

आणि ह्या माणसानं तो आधीच तीनदा बघितलेला होता, स्वतःच सांगायचे! "एकटीला झेपायचं न्हाई" म्हणे. लबाड! आवाज काढायचेच नव्हते, नुसतं शेजारी बसायचं होतं. तेवढं सरळ तोंडानं सांगायला काय झालं होतं?... मी त्या रिकाम्या खुर्चीला इतक्या शिव्या दिल्या की हे घाबरून वर आले.

हे म्हणाले, "खोली आवरून टाकू, तुला त्रास होतोय." वेताची खुर्ची उचलायलाही लागले. मी ती हिसकावून जागेवर ठेवली आणि ह्यांना दंडाला धरून तिच्यात बसवलं. मी भावजींच्या खुर्चीत बसले आणि पहिला भाग लावला.

"मला इंग्रजी कुठं येतं," हे म्हणाले.

"गप बसा. पुढं ढकलायचं न्हाई, मधे बोलायचं न्हाई."

यंत्राचे डोळे लुकलुकले. मी घसा साफ केला.

"ऊठ की गं," मी म्हणाले, "उन्हं आली."